शिकार गेली, कारवान राहिला

लातूरकडच्या गावांत कारवान कुत्र्याची चौकशी केली, की आधी त्याची छाती, मग कंबर, मग त्याचा वेग यांविषयी ऐकावे लागते. त्याला भाकरी कोण घालते, हे मात्र विचारल्याशिवाय कळत नाही. मी विचारत गेलो. बहुतेक घरांत उत्तर एकच होते: घरातली बाई. शिकारीच्या गोष्टी सांगायला पुरुष.

कारवान नजरेवर शिकार करणारा. वासाने माग काढणे हे त्याचे मुख्य काम नव्हे. दूर माळावर काही हलले, की तो सुटतो. कर्नाटकात त्याला मुधोळ म्हणतात. नावावरून केनेल संस्थांमध्येही एकमत नाही. त्या वादात मी पडत नाही. २००५ मध्ये मुधोळ हाऊंड टपाल तिकिटावरही आला.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ म्हणजे केवळ ठार मारणे नव्हे. पाठलाग, हाकणे, सापळा आणि तसा प्रयत्नही त्यात येतो. "कुत्रा आपणहून धावला," ही सबब मी पुष्कळदा ऐकली. ससा तोवर मेलेला असतो.

काम गेले, पण कुत्र्याचे पाय तेच राहिले. मग घरात दोन सोप्या वाटा निघतात. एक, दिवसभर साखळी. अंगावर चरबी नसलेल्या या कुत्र्याच्या कोपरांना कडक जमिनीवर घट्टे पडतात आणि माणसांची सवय नसल्याने तो परक्याच्या, कधी घरच्या पोराच्याही अंगावर जातो. दुसरी, गावभर मोकळा. तो शेळ्यांमागे लागतो आणि माळावर कोल्ह्या-लांडग्यांपर्यंत पोचतो. रेबीज आणि डिस्टेंपर दोन्हीकडून पसरू शकतात, म्हणून घरच्या कुत्र्याची लस रानातल्या लांडग्याच्याही कामी येते. रेबीजची पहिली लस तीन महिन्यांनंतर, पुढे दरवर्षी. चावा झालाच, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

पळवायचे तर पहाटे, पीक काढलेल्या रानात, शेळ्या बाहेर पडण्याआधी. धाप थांबल्यावरच खायला द्यावे. पिल्लू आठ आठवड्यांआधी आईपासून तोडू नये; पण मागणी आली, की हा नियम पहिला मोडतो. विक्री ठरते ओसरीवर आणि पिल्लांना दूध पाजणारीला ते शेवटी कळते.

एका वस्तीवर मालकाने मला कुत्रा दाखवायला म्हणून सोडला. तो बांधापलीकडे गेला. मालकाने शिट्टी मारली, नाव घेतले, शिवी घातली. कुत्रा वळेना. तेवढ्यात घरातून सुनेने ताटली वाजवली. क्षणात तो अंगणात हजर. लसीचे कार्ड कुठे आहे, असे मी मालकाला विचारले. त्याने तिच्याकडे पाहिले. तिने सांगितले, कार्ड कधी केलेच नव्हते. तिने दोनदा म्हटले होते.