गुन्हा कबुलीचा सौदा आणि कॉम्प्युटरचे मार्क

इथल्या बातम्यांत "इस्कत तिऊन" हे शब्द सारखे कानावर पडतात. म्हणजे आरोपीने गुन्हा कबूल करायचा, आणि त्याबदल्यात सरकारी वकील काही आरोप मागे घेतो नाहीतर कमी शिक्षा मागतो. साक्षीपुरावे होतच नाहीत. भारतात २००६ पासून हे कायद्यात आहे. अमेरिकेत तर राज्यांच्या कोर्टांत दोषी ठरणाऱ्या १०० पैकी ९४ जण कबुलीवरच दोषी ठरतात, असं तिथल्या सुप्रीम कोर्टाने २०१२ साली लिहिलंय.

आता यात कॉम्प्युटर कुठून आला? विस्कॉन्सिन राज्यात एका माणसाने गवत कापायचं यंत्र आणि थोडी अवजारं चोरली. दोन्ही वकिलांचं एक वर्षाच्या तुरुंगावर जमलं. पण जज्जसाहेबांनी "कॉम्पास" नावाच्या प्रोग्रॅमने दिलेले मार्क पाहिले. हा माणूस पुन्हा गुन्हा करील, धोका मोठा, असं त्यात होतं. झालं! सौदा मोडला, दोन वर्षांची कैद. पुढे २०१३ सालीच प्रोग्रॅम बनवणाऱ्याने कोर्टात साक्ष दिली, की मी हा शिक्षा ठरवण्यासाठी बनवलाच नव्हता. तेव्हा त्याच जज्जने शिक्षा दीड वर्षावर आणली. तरी ठरल्यापेक्षा सहा महिने जास्तच ना?

आम्हा नर्सेसना मार्क नवे नाहीत. बाळ जन्मलं की एका मिनिटाने आणि पाच मिनिटांनी अपगारचे मार्क देतात. रंग, नाडी, श्वास, हातपायांची हालचाल, रडणं. प्रत्येकाला शून्य ते दोन. बेरीज कुणीही तपासावी. आणि ते मार्क बाळाला आत्ता मदत हवी का एवढ्यासाठीच. पुढे ते शाळेत हुशार निघेल का, हे त्यावरून कुणी सांगू नये. कॉम्पासमध्ये १३७ प्रश्न, आईबापांपैकी कुणी तुरुंगात गेलं होतं का, हासुद्धा! पण बेरीज कशी करतात ते कंपनी सांगत नाही, धंद्याचं गुपित म्हणे.

माझ्या मते खरा धोका इथेच आहे. खटला चालला तर वकील उलटतपासणी घेतो. कबुलीत ती संधीच नसते, म्हणून सही करण्याआधीच वकिलाने हे मार्क मागून घ्यावेत, त्यातली उत्तरं तरी बरोबर आहेत का ते पाहावं.

एरिक लूमिस नावाच्या कैद्याने, त्यानेही कबुली दिली होती, हे गुपित कोर्टात नेलं. २०१६ साली विस्कॉन्सिनच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं, मार्क बघा, पण शिक्षा केवळ त्यावर ठरवू नका, आणि अहवालावर तशी लेखी सूचना असू द्या. बेरीज मात्र बंदच राहिली.