निकालाची माहिती एकदाच भरा : एक्सेल फाइलची निर्यात-आयात आपोआप कशी करावी?



एका विद्यार्थ्याचं नाव वर्षभरात किती ठिकाणी लिहिलं जातं, याची जरा मोजदाद करून बघा. हजेरीपट, आकारिक नोंदी, संकलित गुणतक्ता, वर्गाचा एकत्रित निकाल, प्रगतिपुस्तक, पोर्टलवरची माहिती, शिष्यवृत्तीची यादी... तेच नाव, तोच आयडी, तेच गुण, आणि दर वेळी नव्याने टायपिंग. यात वेळ जातो हे खरंच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दर वेळी हाताने उतरवताना चुकीला एक नवी संधी मिळते. गणितातले ७८ चे ८७ झाले किंवा एका मुलाचे गुण खालच्या ओळीतल्या मुलाला गेले, तर त्याचा त्रास त्या मुलाला होतो.

त्यावर उपाय एकच. माहिती एकदा, एकाच ठिकाणी भरायची आणि बाकी सगळीकडे ती फाइलमधूनच न्यायची. हे कसं करायचं आणि त्यात कुठे फसायला होतं, ते आज समजून घेऊ.

निर्यात-आयात म्हणजे नेमकं काय?

एखाद्या पोर्टलवरून किंवा सॉफ्टवेअरमधून माहिती फाइलच्या रूपात बाहेर काढणे म्हणजे एक्सपोर्ट. तशीच फाइल दुसऱ्या ठिकाणी आत घेणे म्हणजे इम्पोर्ट. या फाइल्स साधारण दोन प्रकारच्या असतात.

पहिली एक्सेलची फाइल. हिच्यात रंग, रकान्यांची रुंदी, सूत्रं, अनेक शीट असं सगळं साठवलं जातं.

दुसरी सीएसव्ही. ही म्हणजे अगदी साधी मजकुराची फाइल. प्रत्येक ओळ म्हणजे एक नोंद आणि दोन रकान्यांच्या मध्ये स्वल्पविराम, एवढंच. तिच्यात रंग नाही, सूत्र नाही, आणि "हा रकाना तारखेचा आहे, तो आकड्याचा आहे" हेही लिहिलेलं नसतं. म्हणूनच ती कुठल्याही प्रणालीत चालते. आणि म्हणूनच ती उघडताना एक्सेल आपल्या मनाने अंदाज बांधतो. बहुतेक घोटाळे या अंदाजातूनच होतात.

एक्सेलचा अंदाज कुठे चुकतो?

१. लांब आयडी. सरलमधला स्टुडंट आयडी १९ अंकी असतो. एक्सेल मात्र कोणत्याही संख्येचे पहिले १५ अंकच नेमके जपतो, पुढचे शून्य करून टाकतो. म्हणजे सीएसव्ही फाइलवर डबल क्लिक केलं, ती उघडली आणि तशीच सेव्ह केली, की प्रत्येक आयडीचे शेवटचे चार अंक गेले! आणि एका शाळेतल्या मुलांचे आयडी वेगळे ठरतात ते मुख्यतः शेवटच्या अंकांमुळेच. ते पुसले गेले की पूर्ण वर्गाची ओळख एकसारखी दिसू लागते. नंतर रकाना 'टेक्स्ट' केला तरी गेलेले अंक परत येत नाहीत. १२ अंकी आधार क्रमांकाचे अंक जात नाहीत, पण तो साध्या रकान्यात दशांश आणि 'ई' असलेल्या विचित्र रूपात दिसतो.

२. सुरुवातीचं शून्य. रजिस्टर क्रमांक ०४५२ असेल तर तो ४५२ होतो. मग दुसऱ्या यादीशी जुळवायला गेलं की जुळत नाही.

३. तारखा. इयत्ता-तुकडी म्हणून '५-१' लिहिलं की एक्सेलला ती ५ जानेवारी वाटते. संगणकाची सेटिंग अमेरिकन असेल तर १ मे! ही अडचण फक्त आपलीच नाही बरं. काही जनुकांची इंग्रजी नावं मार्च आणि सप्टेंबर या महिन्यांसारखी दिसत, आणि एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकत असे. शेवटी शास्त्रज्ञांनी त्या जनुकांची नावंच बदलली. जन्मतारखेच्या बाबतीतही हेच होतं. ०४-०७ म्हणजे ४ जुलै की ७ एप्रिल, हे सेटिंगवर ठरतं. पहिलीच्या प्रवेशाला वयाची अट असते, म्हणून ही चूक महागात पडते.

४. मराठी अक्षरं. सीएसव्ही उघडल्यावर नावांच्या जागी चिन्हांची खिचडी दिसली तर घाबरू नका. बहुतेक वेळा माहिती शाबूत असते, एक्सेलने ती चुकीच्या पद्धतीने वाचलेली असते. फाइल सेव्ह न करता बंद करा आणि खाली दिलेल्या पद्धतीने आत घ्या. मात्र मूळ यादी कृतीदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल तर ती आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करावीच लागते.

सीएसव्ही आत घेण्याची योग्य पद्धत

फाइलवर डबल क्लिक करू नका. कोरी एक्सेल फाइल उघडा. 'डेटा' टॅबमध्ये 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' निवडा आणि फाइल दाखवा. समोर येणाऱ्या खिडकीत 'फाइल ओरिजिन'मध्ये '६५००१ युनिकोड (यूटीएफ-८)' निवडा, म्हणजे मराठी नीट दिसेल. नंतर लगेच 'लोड' न करता 'ट्रान्सफॉर्म डेटा' दाबा. तिथे आयडी, रजिस्टर क्रमांक, आधार, मोबाइल या रकान्यांचा प्रकार 'टेक्स्ट' करा. एक्सेल विचारेल, आधीची पायरी बदलू का? 'रिप्लेस करंट' म्हणा. मगच 'क्लोज अँड लोड'.

एक साधा नियम मुलांनाही सांगता येईल : ज्या आकड्यांची आपण कधी बेरीज करणार नाही, तो आकडा नसून मजकूर आहे.

फाइल बाहेर काढताना 'सेव्ह अ‍ॅज'मध्ये नुसतं सीएसव्ही न निवडता 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडा. नाहीतर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं जातील, आणि ती मात्र परत येत नाहीत.

आधी तक्ता नीट हवा

आपले निकालाचे तक्ते दिसायला सुंदर असतात. वर शाळेचं मोठं नाव, जोडलेले रकाने, मध्ये मुलगे-मुली असे विभाग, खाली एकूण. कागदावर हे छान दिसतं, पण यंत्राला ते वाचता येत नाही. म्हणून दोन शीट वेगळ्या ठेवा : एक माहितीची, एक छापायची. माहितीच्या शीटसाठी हे नियम पाळा :

- पहिली ओळ शीर्षकांची. त्याच्या वर काहीही नको.
- एक ओळ म्हणजे एक विद्यार्थी. मध्ये रिकामी ओळ नको, खाली एकूणची ओळ नको.
- मर्ज केलेले रकाने अजिबात नकोत.
- प्रत्येक ओळीत स्टुडंट आयडी हवाच. नावावरून जुळवणी करू नका. एका यादीत 'वैष्णवी' आणि दुसरीत 'वैश्नवी' असलं की यंत्राच्या लेखी त्या दोन मुली.
- गैरहजर आणि शून्य यात फरक ठेवा. गैरहजर मुलासाठी सगळ्यांनी एकच खूण वापरा, उदा. 'गै'. तिथे ० टाकलं तर सरासरी खाली येते, आणि पोर पेपरला नव्हतं हे पुढच्या शिक्षकाला कळतच नाही.

आता आपोआप जोडणी

समजा सहावीला सात विषयशिक्षक आहेत आणि प्रत्येकाची वेगळी फाइल येते. वर्गशिक्षक एकेक उघडून कॉपी-पेस्ट करत बसतात. त्याऐवजी असं करा :

१. एक नमुना फाइल तयार करा. रकाने चारच : स्टुडंट आयडी, नाव, विषय, गुण. हीच फाइल सर्वांना द्या. शीटचं नाव आणि रकान्यांची नावं कुणीही बदलायची नाहीत. 'गुण'च्या पुढे चुकून एक जागा जास्त पडली तरी यंत्राला तो वेगळा रकाना वाटतो.

२. आलेल्या सगळ्या फाइल्स एका फोल्डरमध्ये ठेवा. त्या फोल्डरमध्ये दुसरं काहीही नको.

३. वेगळी 'एकत्रित निकाल' फाइल उघडा. 'डेटा', 'गेट डेटा', 'फ्रॉम फाइल', 'फ्रॉम फोल्डर' असं जाऊन ते फोल्डर दाखवा आणि 'कम्बाइन अँड ट्रान्सफॉर्म डेटा' निवडा. आयडीचा प्रकार टेक्स्ट करा. सातही फाइल्स एकाखाली एक जोडल्या जातील.

४. 'विषय' रकाना निवडून 'पिव्हट कॉलम' करा. किमतीच्या जागी 'गुण' निवडा आणि पुढच्या पर्यायांत 'डोन्ट अ‍ॅग्रिगेट' ठेवा. आता प्रत्येक मुलाची एक ओळ आणि विषयांचे सात रकाने तयार.

हे काम एकदाच करायचं. पुढच्या सत्रात त्याच फोल्डरमध्ये जुन्या फाइल्सच्या जागी नव्या फाइल्स टाका आणि 'रिफ्रेश ऑल' दाबा. फक्त विषयांच्या फाइल्स त्या वेळी कुठे उघड्या नाहीत ना, ते बघा. ही सोय एक्सेल २०१६ पासून डेटा टॅबमध्येच आहे.

गुगल शीट वापरत असाल तर 'इम्पोर्टरेंज' हे सूत्र एका शीटमधली माहिती दुसरीत आणतं. तिथे एकदा परवानगी द्यावी लागते, नंतर बदल आपोआप येत राहतात.

श्रेणी आणि प्रगतिपुस्तक

श्रेणी हाताने लिहू नका. बाजूला एक छोटा तक्ता करा : ० ला इ-२, २१ ला इ-१, ३३ ला ड, ४१ ला क-२, ५१ ला क-१, ६१ ला ब-२, ७१ ला ब-१, ८१ ला अ-२, ९१ ला अ-१. मग व्हीलुकअप सूत्राने, शेवटचा पर्याय 'ट्रू' ठेवून, श्रेणी आपोआप येते. इथे एक बारकावा आहे. एखाद्याची टक्केवारी ४०.५ आली तर सूत्र त्याला 'ड' देईल, कारण ४१ पूर्ण झाले नाहीत. पूर्णांक आधी करायचा की नाही, हे शाळेने एकदा ठरवावं आणि सगळ्या वर्गांना सारखंच लावावं. याउलट आयडीवरून माहिती शोधताना शेवटचा पर्याय 'फॉल्स'च हवा. नाहीतर सूत्र जवळपासचा दुसराच आयडी पकडतं आणि चुकीच्या मुलाचे गुण बिनबोभाट आणून देतं.

प्रगतिपुस्तकासाठी वर्डमधलं 'मेल मर्ज' वापरा. पत्रकाचा नमुना एकदा करायचा, त्याला एकत्रित निकालाची शीट जोडायची, की चाळीस मुलांची चाळीस पानं तयार. वर्णनात्मक नोंदी मात्र स्वतःच लिहा. त्या मुलाला ओळखणाऱ्या माणसाच्याच हातच्या हव्यात.

यंत्रावर विश्वास, पण मोजून

आपोआप होणाऱ्या कामाचा मोठा धोका म्हणजे चूकही आपोआप आणि गुपचूप होते. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोरोना तपासणीचे अहवाल सीएसव्ही फाइल्समधून एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये घेतले जात होते. त्या जुन्या प्रकारात ६५,५३६ च ओळी मावतात. पुढच्या ओळी सुटत गेल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ रुग्ण रोजच्या आकडेवारीत आलेच नाहीत, आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांचा शोध उशिरा सुरू झाला. कुणी आत आलेल्या आणि बाहेर गेलेल्या ओळी मोजून बघितल्या असत्या, तर हे लवकर कळलं असतं.

म्हणून रिफ्रेश केल्यावर पाच मिनिटं काढून एवढं तपासाच :

- पटसंख्या आणि ओळींची संख्या सारखी आहे का?
- एकच आयडी दोनदा आलाय का? आयडीच्या रकान्यावर 'कंडिशनल फॉरमॅटिंग'मधून 'डुप्लिकेट व्हॅल्यूज' लावता येतं, पण तो नियम लांब आयडी आकडा समजूनच ताडतो आणि वेगळे आयडीही सारखे दाखवू शकतो. लांब आयडीसाठी पॉवर क्वेरीमध्ये 'ग्रुप बाय' करून मोजणं जास्त खात्रीचं.
- कुठला रकाना रिकामा आहे का? कमाल गुणांपेक्षा जास्त गुण आहेत का?
- प्रत्येक विषयाची बेरीज विषयशिक्षकाच्या फाइलमधल्या बेरजेशी जुळते का?
- कोणतेही तीन विद्यार्थी निवडा आणि मूळ उत्तरपत्रिकेपासून प्रगतिपुस्तकापर्यंत त्यांचे गुण हाताने पडताळा.

आणि मूळ फाइल्सची एक प्रत वेगळी ठेवा. तिला हात लावायचा नाही.

पालकांसाठी दोन गोष्टी

प्रगतिपुस्तक हातात आलं की टक्क्यांच्या आधी नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख आणि आयडी बघा. तिथली चूक पहिलीत सापडली तर एका अर्जाने सुटते. दहावीच्या दाखल्यावर गेली की चकरा सुरू होतात. घरी तपासलेल्या उत्तरपत्रिका आल्या असतील तर त्यातले गुण आणि पुस्तकातले गुण जुळवून बघा. फरक दिसला तर वर्गशिक्षकांना जरूर विचारा, त्यात संकोच कसला?

दुसरं, आधार आणि मोबाइल क्रमांकांसकट पूर्ण वर्गाची यादी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नये, आणि कुणी टाकलीच तर पालकांनी हरकत घ्यावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची खास तरतूद आहे. ज्याला जेवढे रकाने लागतात, तेवढेच रकाने असलेली फाइल द्यावी.

सुरुवात छोटी करा. या सत्रात एकाच वर्गाचा, दोनच विषयांचा निकाल या पद्धतीने जोडून बघा आणि जोडीला नेहमीचा कागदी तक्ताही ठेवा. दोन्ही जुळले की पुढच्या सत्रात पूर्ण वर्ग घ्या. वाचलेला वेळ कुठे वापरायचा, हे शिक्षकांना सांगायची गरज नाही. काही अडलं तर नेमकी कोणती पायरी अडली ते लिहून विचारा, मिळून सोडवू.