पोरगं मोबाईलशिवाय जेवत नाही

जामच्या चौरस्त्यावर ट्रकांची वर्दळ दिवसा थांबत नाही, रात्रीही थांबत नाही. नागपूरहून आलेला रस्ता इथे फुटतो. एक हिंगणघाटवरून हैदराबादकडे जातो, दुसरा वरोऱ्यावरून चंद्रपूरकडे. या रस्त्याने हॉटेले, पंक्चरची दुकाने आणि हाताला काम दिले, पण वस्तीतल्या लेकरांची खेळायची जागाही यानेच घेतली. कापूस वेचायला निघालेली आई लेकराला बजावते, "रोडवर जाऊ नको बरं, घरातच राह्य." घर म्हणजे एक खोली आणि पुढे चार हात ओसरी. तिथे लेकराने दिवसभर करायचे काय? म्हणून मोबाईल हातात येतो.

वस्तीत कुठेही बसलो तरी आयाबायांची पहिली तक्रार हीच असते, "पोरगं मोबाईलशिवाय घास घेत नाही." आणि लगेच कोणी ना कोणी म्हणते, "आईनेच सवय लावली." हे आम्हाला मान्य नाही. दिवसभर शेतात वाकून आलेल्या बाईने एका हाताने चूल आणि दुसऱ्या हाताने लेकरू सांभाळताना त्याच्यापुढे मोबाईल धरला, तर ती चुकार आई होत नाही. पण लेकराच्या शरीरावर त्याचा परिणाम व्हायचा तो होतोच. तो कसा होतो, हे समजून घेऊ.

त्याआधी एक गोष्ट. मोबाईलचा विषय निघाला की जुन्या बालपणाचे गोडवे सुरू होतात. विटीदांडू, कंचे, भवरा, डाबडुबली, चांदण्यात रेसटीप. खेळ चांगलेच होते. पण आमच्या आज्यांना विचारा, त्या खेळायला किती दिवस मिळाले? सातव्या-आठव्या वर्षी कमरेला ओटी बांधून कापसाच्या तासात उभे राहणे, धाकटे भावंड कडेवर, पाण्यासाठी दुसऱ्याच्या विहिरीवर ताटकळणे, हेही त्याच बालपणात होते. गावगाड्यातले बालपण सगळ्यांना सारखे नव्हते. म्हणून जुने दिवस परत यावेत असे आम्ही म्हणणार नाही.

पुढच्या पिढीत टीव्ही आला. 1982 साली दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वेळी दूरदर्शन रंगीत झाले, आणि पुढच्या काही वर्षांत खेड्यापाड्यांत छपरांवर अँटेना दिसू लागले. आमच्यापैकी कित्येकांनी टीव्ही पहिल्यांदा दुसऱ्याच्या दारातून, उंबऱ्याबाहेर बसून पाहिला. पुढे तो आपल्याही घरात आला. 2019 मध्ये बाबासाहेबांच्या जीवनावरची मालिका स्टार प्रवाहवर सुरू झाली, तेव्हा घरेच्या घरे जेवणे आटोपून एकत्र बसायची. टीव्हीचा एक गुण होता. तो एका जागी असायचा, कार्यक्रम संपायचा, आणि सगळे मिळून पाहायचे. मध्येच आजी काहीतरी विचारायची, नातू उत्तर द्यायचा.

मोबाईल संपत नाही. एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होतो, कारण माणूस जितका वेळ पाहील तितकी जाहिरात दाखवता येते. 2016 च्या सप्टेंबरात जिओ आले आणि इंटरनेट एकदम स्वस्त झाले. मग 2020 मध्ये कोरोनाने शाळा बंद पडल्या. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' असे म्हणत शासनानेच अभ्यास मोबाईलवर आणला. ज्या घरात एकच फोन होता, तिथे तो आधी बापाचा, मग मोठ्या मुलाचा, आणि मुलीच्या वाट्याला उरला तर. तरीही त्या फोनमुळे शिकलेली, शिष्यवृत्तीचे अर्ज भरलेली, पोलीस भरतीचे वर्ग ऐकलेली मुले आपल्या वस्त्यांत आहेत. त्यामुळे फोन फेकून द्या, हा सल्ला आमच्याकडून मिळणार नाही.

लहान लेकराच्या बाबतीत प्रश्न एवढाच विचारायचा की फोनने कोणती गोष्ट बाजूला सारली. बोलणे, झोप आणि उजेड, या तीन गोष्टी तो सारतो. जेवणाचे नुकसान तर समोरच दिसते.

घास भरवताना लेकराचे डोळे व्हिडिओवर असले, की पोट भरल्याचे त्याला कळत नाही आणि भूक लागल्याचेही नाही. कोणी दोन घास जास्त खाते, कोणी घास गालात धरून अर्धा तास बसते. गालातल्या त्या घासाने दात किडतात. सवय मोडताना पहिले तीन-चार दिवस लेकरू रडते, कमी खाते. त्याने घाबरू नये. निरोगी लेकराला भूक लागली की ते मागते. ताट समोर ठेवावे, आपणही सोबत बसून जेवावे, वीस-पंचवीस मिनिटांनी ताट उचलावे, आणि मधल्या वेळेत कुरकुऱ्याची पुडी देऊ नये. मात्र लेकरू अशक्त असेल, वजन घटत असेल किंवा आजारी असेल, तर हा प्रयोग न करता आधी अंगणवाडीत वजन करावे आणि डॉक्टरला दाखवावे.

बोलण्याचे तसे नाही, ते उशिरा लक्षात येते. लेकरू भाषा शिकते ते समोरच्या माणसाच्या तोंडाकडे पाहून. त्याने 'बा' म्हटले की आपण हसतो, 'बाबा? बाबा शेतात गेले' म्हणतो, मग ते पुन्हा प्रयत्न करते. व्हिडिओ त्याला उत्तर देत नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितले की एक वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा मुळीच दाखवू नये, दुसऱ्या वर्षीही टाळावा, आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला एका तासापेक्षा जास्त नको. परगावी असलेल्या बापाशी व्हिडिओ कॉलवर बोलणे यात मोडत नाही. तिथे समोर बोलणारा माणूस असतो.

इथे एक इशारा. दोन वर्षांचे झाले तरी लेकरू दोन शब्द जोडून बोलत नसेल, हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, तर 'मोबाईलमुळे झालं, बंद केला की बोलेल' असे म्हणून थांबू नका. त्याला कमी ऐकू येत असू शकते. दुसरेही कारण असू शकते. आधी कान तपासा. यात गेलेले वर्ष भरून काढणे फार अवघड असते.

झोपेचे नुकसान सगळ्यात मोठे आणि सगळ्यात कमी बोलले जाणारे आहे. अंधार पडला की मेंदूत मेलाटोनिन तयार होऊ लागते आणि डोळे जड होतात. चेहऱ्याजवळचा प्रखर पडदा ती क्रिया लांबवतो, आणि मारामारीचा खेळ किंवा रील मन जागे ठेवते. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते, तेरा ते अठराच्या मुलांना आठ ते दहा. रात्री बारापर्यंत फोन पाहून सकाळी सहाला उठणारा सातवीतला मुलगा वर्गात पेंगतो, चिडतो, वाचलेले विसरतो, आणि आपण म्हणतो 'डोकं नाही अभ्यासात'.

एका खोलीच्या घरात शांतता कुठून आणायची, असे विचारले जाते. मुंबईत परळच्या चाळीत बाबासाहेबांच्या घरीही एकच खोली होती. रामजी सुभेदार भीमरावांना लवकर झोपवत, स्वतः जागत, आणि रात्री दोनला त्यांना अभ्यासाला उठवून त्यांच्या जागेवर आपण आडवे होत. ही गोष्ट आपण रॉकेलच्या दिव्यासाठी आणि कष्टासाठी सांगतो. आरोग्याच्या पानावर ती वेगळीच दिसते. त्या बापाने मुलाची झोप आधी सांभाळली आणि अभ्यास नंतर ठेवला. दोनला उठवा असे आम्ही म्हणत नाही, पण दहाला घरातला एकूण एक फोन, बापाचाही, डब्यात जाऊ शकतो.

आता उजेड. लांबचे दिसत नाही, फळ्यावरचे वाचता येत नाही, अशा दोषात डोळ्याचा गोळा गरजेपेक्षा लांब वाढलेला असतो. बाहेरच्या भरपूर उजेडाने डोळ्याच्या पडद्यात डोपामिन तयार होते आणि ही वाढ आवरली जाते, असे मानले जाते. घरातला बल्ब त्याला पुरत नाही. झाडाची सावलीसुद्धा खोलीपेक्षा कितीतरी पट उजळ असते. चीनमधल्या ग्वांगझू शहरात बारा शाळांवर प्रयोग झाला. सहा शाळांनी पहिलीच्या मुलांना रोज 40 मिनिटे जास्त बाहेर काढले. तीन वर्षांत तिथे 30.4 टक्के मुलांना हा दोष आला, बाकीच्या सहा शाळांत 39.5 टक्के मुलांना. फक्त बाहेर नेण्याने! आपल्याकडे मे महिन्यातल्या दुपारी कोणी बाहेर काढू नये, पण सकाळ-संध्याकाळ उरतेच.

बाहेर म्हणजे कुठे, हा जामचा खरा प्रश्न आहे. रस्त्यावर नाही, हे आईचे म्हणणे बरोबर आहे. मग विहाराचे अंगण आहे, शाळेचे मैदान आहे. शाळेचे फाटक सुटीच्या दिवशी सकाळी दोन तास उघडे राहावे, हा ठराव ग्रामसभेत मांडता येतो. त्याला पैसे लागत नाहीत.

ग्रामसभेतून काय होऊ शकते, याचे एक उदाहरण सांगली जिल्ह्यात आहे. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावने ऑगस्ट 2022 मध्ये ठरवले की रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत घरातले टीव्ही आणि मोबाईल बंद राहतील. कोरोनानंतर मुले पुस्तकाला बसेनात, हे त्यामागचे कारण होते. आशाताई, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. आम्हाला त्यात महत्त्वाचे वाटते ते हे की बंदी एकट्या मुलांवर नव्हती. सातला मोठ्यांचेही फोन खाली ठेवायचे ठरले.

आपल्याकडे भोंगा शोधायला नको. जिथे संध्याकाळी विहारात वंदना होते, तिथे वेळ आधीच ठरलेली आहे. वंदना संपल्यावर एक तास लेकरांना विहारातच बसवता येईल. लहानांना गोष्ट, मोठ्यांना अभ्यास, दोन शिकलेली पोरे पाळीपाळीने. वर्षावासाचे तीन महिने ग्रंथवाचनाला माणसे जमतातच, तेव्हा सुरुवात सोपी जाईल. घरातली बाईही तो तासभर मोकळी होते, आणि मोबाईल लेकराच्या हाती जाण्याचे मूळ कारण तिचा हा अडकलेला वेळच असतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टर अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शासकीय शाळेत एकदा येतात. डोळे, कान, बोलणे, वाढ, सगळे तपासतात आणि गरज असेल तर पुढे मोफत पाठवतात. तारीख अंगणवाडीताईला विचारून ठेवा आणि त्या दिवशी लेकराला शेतावर नेऊ नका. मुलगा टीव्हीच्या अगदी जवळ बसत असेल, डोळे बारीक करून पाहत असेल, डोके दुखते म्हणत असेल, तर तेवढीही वाट पाहू नका. ग्रामीण रुग्णालयात डोळ्यांचा नंबर काढून घ्या. शाळकरी मुलांना शासनाच्या अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून चष्मा मोफत मिळतो. चष्म्याने नंबर वाढतो हा समज खोटा आहे. आणि पुढे लग्नाला अडचण येईल म्हणून मुलीचा चष्मा पेटीत ठेवणाऱ्या घरांना सांगतो, तो आजच काढून तिच्या डोळ्यांवर द्या, उद्या तिला फळा वाचायचा आहे.