ओकव्हिलमधला ‘बिग डे’: एका दिवसात शंभर जाती, आणि त्याभोवतीचे गैरसमज

मे महिन्याचा दुसरा शनिवार म्हणजे ‘ग्लोबल बिग डे’. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेने २०१५ मध्ये तो सुरू केला. मध्यरात्रीपासून पुढच्या मध्यरात्रीपर्यंत जितक्या जातींचे पक्षी भेटतील तितके ‘ईबर्ड’ या संकेतस्थळावर नोंदवायचे, एवढंच त्यात करायचं असतं. कॅनडात ही कल्पना त्याहून जुनी आहे. टोरांटोचे पक्षीतज्ज्ञ जेम्स बेली यांच्या नावाने १९७६ मध्ये ‘बेली बर्डेथॉन’ सुरू झाली. आज तीच ‘ग्रेट कॅनेडियन बर्डेथॉन’ म्हणून ओळखली जाते. मे महिन्यातले कोणतेही चोवीस तास निवडायचे आणि ओळखीच्या लोकांकडून प्रत्येक जातीमागे काही रक्कम कबूल करून घ्यायची. हा पैसा ‘बर्ड्स कॅनडा’मार्फत पक्षीसंवर्धनाला जातो.

ओकव्हिलच्या मराठी घरांत हा विषय काढला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: “इथे गूज आणि सीगल सोडून आहे काय?”

मेच्या मध्यावर पहाटे सहाला तळ्याच्या काठी गेलं तर हा समज तासाभरात गळून पडतो. ओकव्हिल हे लेक ऑन्टॅरिओच्या उत्तर किनाऱ्यावर वसलेलं गाव. दक्षिणेकडून येणारे लहान पक्षी रात्री प्रवास करतात. नायगाराच्या बाजूने निघून रात्रीच्या अंधारात त्यांनी तळं ओलांडलं की उजाडताना समोर जी पहिली झाडं दिसतात, ती ब्रॉन्टी ब्लफ्सची, गेअरलॉक गार्डन्सची, आर्केंडो पार्कची. थकून-भुकेजून ते तिथेच उतरतात. रात्री दक्षिणेचा वारा आणि पहाटे पाऊस असा योग आला, तर एकेका झाडावर वॉर्बलर या इवल्या पक्ष्यांच्या पाच-सहा जाती असतात. त्याच सुमारास तळ्याच्या पाण्यातून चिलटांचे ढग उठतात आणि काठावरच्या भिंतींवर, फांद्यांवर चिकटून बसतात. लोक वैतागतात, पण त्या चिलटांवरच हे पक्षी जगतात. म्हणून एरवी साठ फूट उंच शेंड्यावर राहणारा ब्लॅकबर्नियन वॉर्बलर तिथे खांद्याच्या उंचीवर येतो. वजन जेमतेम दहा ग्रॅम. नराचा गळा असा पेटता नारिंगी, की पानाआड नुसता हलला तरी नजर खिळते. तो पानाची खालची बाजू चोचीने तपासतो, एक चिलट टिपतो, पुढच्या पानावर जातो. तुम्ही दोन हातांच्या अंतरावर उभे असलात तरी त्याचं लक्ष नसतं. हा जीव हिवाळ्यात दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या जंगलात असतो आणि ओकव्हिलमध्ये फक्त काही दिवस थांबतो. आपण वर्षानुवर्षं इथे राहूनही तो न दिसण्याचं कारण तेच: त्याचे दिवस मोजके आणि आपली जाग उशिराची.

तिथून ब्रॉन्टी हार्बर फार लांब नाही. तिथे रेड-नेक्ड ग्रीब हा पाणपक्षी बोटींच्या गर्दीत वीण घालतो, चक्क पाण्यावर तरंगत ठेवलेल्या टायरवर. जोडी पाणवनस्पती चोचीत धरून आणते, टायरवर त्यांचा ओला ढीग रचते आणि त्यात अंडी घालते. पिल्लं निघाली की डोक्यावर पट्टे असलेली ती पोरं आईबापाच्या पाठीवर बसून हार्बरभर फिरतात. धक्क्यावर उभं राहून, दुर्बिणीशिवायही हे सगळं दिसतं.

आणि गावाकडची ओळखीची मंडळीही या यादीत येतात. इथली चिमणी ती आपलीच चिमणी, पारवाही तोच. दोन्ही माणसांनी इथे आणले. स्टार्लिंग १८९० मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये सोडले गेले आणि खंडभर पसरले. बार्न स्वॉलो म्हणजे महाराष्ट्रात हिवाळ्यात तारांवर ओळीने बसणारी भिंगरी. संध्याकाळी पाण्याकाठी येणारा रातबगळाही तोच. बिग डेमध्ये प्रत्येक जातीला एकच गुण असतो. दुर्मीळ वॉर्बलरला जितकं मोल तितकंच चिमणीला. मला हा नियम मनापासून आवडतो. नवख्याची यादी अंगणातूनच सुरू होते आणि ती पूर्ण ग्राह्य असते.

दुसरा समज धावपळीचा. चांगली गाडी, शेकडो किलोमीटर आणि जाग्रण, यांशिवाय आकडा वाढत नाही असं मानलं जातं. जागतिक विक्रम ऐकले की तसं वाटणं साहजिक आहे. इक्वाडोरमध्ये ८ ऑक्टोबर २०१५ रोजी चौघांच्या एका संघाने ४३१ जाती नोंदवल्या. पण त्याच्या आधीचा एक विक्रम जास्त शिकवणारा आहे. १९८२ मध्ये पेरूच्या कोचा काशू इथे टेड पार्कर आणि स्कॉट रॉबिन्सन या दोघांनी मोटार न वापरता, पायी आणि होडीतून, ३३१ जाती नोंदवल्या. त्यांना ते जंगल पाठ होतं. कोणता पक्षी किती वाजता, कोणत्या झाडावर आणि कोणत्या आवाजात बोलतो, याची त्यांना खात्री होती.

ओकव्हिलपुरतं पाहायचं तर वेळापत्रक असं बसतं. उजाडण्याआधी सिक्स्टीन माइल क्रीकच्या दरीतल्या झाडीत स्क्रीच आउलची कंप पावणारी शीळ. सहा ते नऊ तळ्याचा काठ, कारण वॉर्बलर तेव्हाच जास्त बोलतात. मग ब्रॉन्टी क्रीक प्रोव्हिन्शियल पार्कचं रान. ऊन चढून हवा वर उठू लागली की नायगारा एस्कार्पमेंटचे कडे. तिथे रॅटलस्नेक पॉइंटसारख्या जागी टर्की व्हल्चर आणि ससाणे-शिक्रे घिरट्या घालतात. ते सकाळी थंडीत उडत नाहीत, म्हणून तिथे आधी जाऊन काही साधत नाही. दुपारी उत्तरेकडच्या नव्या वसाहतींमधली पावसाचं पाणी साठवणारी तळी, चिखलातल्या लहान किनारपक्ष्यांसाठी. सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो. तोवर हार्बरवर स्वॉलो आणि चिमनी स्विफ्ट. हे सगळे टप्पे ओकव्हिल ज्यात येतं त्या हॅल्टन परिसरातच आहेत आणि मेच्या मध्यात अनुभवी संघाची शंभरी यात पार होते. नवख्याची पन्नाशीही उत्तम.

“नुसता ऐकलेला पक्षी धरायचा नसतो” हा समज इतका पक्का आहे की लोक घुबडाची शीळ ऐकूनही ती नोंदवत नाहीत. अमेरिकन बर्डिंग असोसिएशनच्या बिग डे नियमांत ऐकलेला पक्षी पाहिलेल्याइतकाच ग्राह्य आहे. अट वेगळीच आहे: पक्षी जिवंत, मोकळा आणि रानातला हवा, आणि संघाच्या यादीतल्या किमान ९५ टक्के जाती संघातल्या प्रत्येकाने स्वतः ओळखलेल्या हव्यात. एकाने बोट दाखवायचं आणि बाकीच्यांनी मान डोलवायची, हे तिथे चालत नाही.

यातूनच नवा घोटाळा जन्मतो. ‘मर्लिन’ ॲपमध्ये २०२१ पासून आवाज ओळखायची सोय आली. फोन समोर धरला की पडद्यावर नावं उजळत जातात आणि लोक ती सरळ यादीत चढवतात. ॲप उत्तम आहे, कान तयार करायला त्याच्यासारखा सोबती नाही. पण ते सुचवतं, पाहत नाही. एप्रिलमध्ये पडद्यावर ‘ईस्टर्न वूड-पीवी’ आलं तर वर बघा. पीवी मेच्या उत्तरार्धाकडे येतो. एप्रिलमध्ये ती लांबवलेली ‘पी-अ-वी’ बहुधा तारेवर बसलेला स्टार्लिंग काढत असतो. ब्लू जे तर ससाण्यासारखा ओरडून भल्याभल्यांना वर पाहायला लावतो. नाव डोळ्यांनी किंवा स्वतःच्या कानांनी पडताळलं नसेल तर ते यादीत घालू नये. आकडा दोनाने कमी राहिला तरी चालेल.

एक समज मात्र जाणत्या लोकांतही आढळतो: बिग डे म्हणजे पक्ष्यांची गणना. तसं नाही. शंभर जाती दिसल्या म्हणजे पक्षी भरपूर आहेत असं होत नाही. एखाद्या जातीचा एकच पक्षी दिसला तरी तिला गुण मिळतोच. संख्या मोजण्याचं काम दुसऱ्या उपक्रमांचं. फ्रँक चॅपमन यांनी १९०० च्या नाताळात, पक्षी मारण्याच्या शर्यतीऐवजी पक्षी मोजण्याची प्रथा सुरू केली. त्या पहिल्या वर्षीच्या पंचवीस ठिकाणांत टोरांटो होतं. आजही १४ डिसेंबर ते ५ जानेवारीदरम्यान एक दिवस निवडून, २४ किलोमीटर व्यासाच्या ठरलेल्या वर्तुळात दिसलेला एकेक पक्षी मोजला जातो, जातीमागे किती ते सगळं लिहून. अशा दीर्घकालीन मोजणीतूनच २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला आकडा निघाला: १९७० पासून उत्तर अमेरिकेतले सुमारे २.९ अब्ज पक्षी कमी झाले. गवताळ भागातल्या पक्ष्यांची घट सर्वांत मोठी आहे. ओकव्हिलच्या उत्तरेला, डंडस स्ट्रीटच्या वर, जिथे शेतं होती तिथे घरं उभी राहत आहेत. बोबोलिंक हा अशाच शेतांतला पक्षी, आणि ऑन्टॅरिओने त्याला २०१० मध्ये धोक्यातल्या जातींत घातलं.

मग बिग डेच्या यादीचा विज्ञानाला उपयोग काय? उपयोग होतो, पण ती नीट लिहिली तर. प्रत्येक जागेची वेगळी यादी करायची. कधी सुरुवात केली, किती वेळ थांबलो, किती चाललो हे लिहायचं. ओळखता आलेला प्रत्येक पक्षी त्यात घालायचा, नको असलेला गूजसुद्धा, आणि संख्या टाकायची. यामुळे जे दिसलं नाही त्यालाही अर्थ येतो. दिवसभराची एकच ढोबळ यादी आणि शेवटी फक्त आकडा, यातून कुणाच्या हाती काही लागत नाही.

आकड्याच्या हट्टापायी पक्ष्यांना त्रास होतो हा आक्षेप मी खरा मानतो. रेकॉर्ड केलेला आवाज पुन्हा पुन्हा वाजवून नराला बाहेर काढणं, दिवसा झोपलेल्या घुबडाभोवती गोळा होणं, ग्रीबच्या टायरजवळ कयाक नेणं, हे सगळं घडतं. विणीच्या काळात अशा पक्ष्याने घरटं सोडलं तर अंडी थंड पडतात. म्हणून ईबर्ड काही संवेदनशील जातींची नेमकी जागा सार्वजनिक दाखवत नाही. यादीतला एखादा पक्षी गमावला तरी घरट्यापासून लांब राहायचं, ही माझ्या मते यातली पहिली अट आहे.

महागड्या सामानाची धास्ती बाळगू नये. ८ बाय ४२ ची साधी दुर्बीण पुरते. मे-जूनमध्ये पुण्या-नागपुराहून आलेले आजी-आजोबा तर आधीच पहाटे उठलेले असतात. त्यांना हार्बरच्या धक्क्यावर घेऊन जा. महाराष्ट्रात नोव्हेंबरच्या ५ ते १२ तारखांना, मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिवसांदरम्यान, पक्षी सप्ताह साजरा होतो. आजी-आजोबा परत गेल्यावर तिथेही याच पद्धतीने यादी लिहू शकतात, त्याच ईबर्डवर.

मे हुकला तर ऑक्टोबरमध्ये दुसरा बिग डे असतो. तेव्हा वॉर्बलर बहुतेक निघून गेलेले असतात, पण जंको आणि किंगलेट उत्तरेकडून उतरू लागतात. पुढे थंडी वाढली की तळ्यावर लाँग-टेल्ड बदकांचे थवे येतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत ते किनाऱ्यालगत दिसत राहतात.