गाडी मनालीला निघालीय? स्टिअरिंग ऑइल विकण्याआधी हे तीन प्रश्न विचारा



गॅरेज काढायचं, ऑटो पार्ट्सचं दुकान टाकायचं किंवा दोन-चार गाड्या घेऊन टूर्सचा व्यवसाय सुरू करायचा, असं ठरवणारे आपल्यात बरेच जण आहेत. आजचा लेख त्यांच्यासाठी. विषय लहान आहे, बाटलीभर पॉवर स्टिअरिंग ऑइलचा. पण घाटात गाडी अडकली की गिऱ्हाइकाला पहिली आठवण ती बाटली देणाऱ्याची होते.

डिसेंबर आला की आपल्याकडून गाड्या मनाली, शिमला, काश्मीरकडे निघतात. मग काउंटरवर माणूस येतो आणि म्हणतो, "दादा, थंडीत चालेल असं चांगलं स्टिअरिंग ऑइल द्या." सोपा मार्ग म्हणजे मागं वळायचं, समोर दिसेल ती लाल बाटली काढायची आणि पैसे घ्यायचे. धंदा टिकवायचा असेल तर असं करू नका. आधी तीन प्रश्न विचारा.

आधी समजून घ्या, थंडीत होतं काय?

घरातलं खोबरेल तेल आठवा. मे महिन्यात पाण्यासारखं, डिसेंबरात बाटलीतून निघत नाही. स्टिअरिंग ऑइल तसं लगेच गोठत नाही, पण घट्ट होत जातं.

हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगमध्ये इंजिनच्या बेल्टवर एक पंप फिरतो. तो डबीतलं ऑइल ओढतो आणि दाबाने स्टिअरिंग गिअरबॉक्सकडे पाठवतो. चाक पूर्ण वळवल्यावर हा दाब हजार पीएसआयच्या वर जातो. तुलनेसाठी, कारच्या टायरमध्ये आपण ३०-३५ पीएसआय हवा भरतो. ऑइल घट्ट झालं की पंपाला ते नीट ओढता येत नाही, आत बुडबुडे होतात, पंप कण्हल्यासारखा आवाज करतो आणि स्टिअरिंग जड लागतं. त्यात थंडीने रबरी सील कडक झालेली असतात. जुनी सील असतील तर गळती तिथूनच सुरू होते.

आता कल्पना करा. मागं बारा प्रवासी, समोर वळणाचा घाट, रस्त्यावर बर्फ आणि चालकाच्या हातातलं स्टिअरिंग जड. म्हणून हा विषय फक्त विक्रीचा नाही.

प्रश्न पहिला: गाडीत हे ऑइल लागतं का?

हसू नका. स्विफ्ट, वॅगनआर अशा अनेक गाड्यांत इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग असतं. तिथं मोटर काम करते, ऑइल लागतच नाही. बोलेरो, जुनी स्कॉर्पिओ, इनोव्हा, टेम्पो ट्रॅव्हलर ह्यांची गोष्ट वेगळी, तिथं हायड्रॉलिक असतं.

बॉनेट उघडून डबी आहे का ते बघा. नसेल तर सरळ सांगा, "साहेब, तुमच्या गाडीला हे लागत नाही, पैसे वाचवा." त्या दिवशी एक बाटली कमी विकली जाईल, पण बाकी सगळ्या कामांसाठी तो माणूस तुमच्याकडेच येईल.

प्रश्न दुसरा: टोपीवर आणि मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय?

इथंच खरा निर्णय होतो. ब्रँड नंतर बघायचा, आधी ग्रेड.

- एटीएफ डेक्स्रॉन: आपल्याकडच्या पुष्कळ गाड्यांत हेच चालतं. डेक्स्रॉन-३ उणे ४० अंशांनाही वाहतं राहावं अशी त्याची अट आहे. डेक्स्रॉन-६ थंडीत त्याहून पातळ राहतं, पण मॅन्युअल परवानगी देत असेल तरच वापरा.
- सीएचएफ ११-एस: हिरव्या रंगाचं सिंथेटिक ऑइल, अनेक युरोपियन गाड्यांसाठी. उणे ४० अंशांना हे डेक्स्रॉनच्या दहापट पातळ असतं. किंमतही चांगलीच जास्त.
- कंपनीचं खास ऑइल: होंडा, ह्युंदाईसारख्या कंपन्या स्वतःचं पीएसएफ सांगतात. तिथं तेच घाला.

आता तुम्ही म्हणाल, हिरवं इतकं भारी आहे तर सगळ्यांना तेच का देऊ नये? कारण प्रत्येक गाडीचे पंप आणि सील ठरावीक ऑइल धरून बनवलेले असतात. लाल आणि हिरवं एकत्र करू नका. रंगावर विसंबूही नका, रंग ही फक्त खूण आहे. आणि ब्रेक ऑइल चुकूनही स्टिअरिंगच्या डबीत जाऊ देऊ नका, त्याने सील खराब होतात. उलटं झालं तर ब्रेकच जातात. दुकानात ह्या दोन्ही बाटल्या वेगळ्या कप्प्यांत ठेवा.

प्रश्न तिसरा: गाडी जाणार कुठं?

नाशिक, नागपूरची थंडी आपल्याला कितीही बोचली तरी तिथं मॅन्युअलमधलं साधं ऑइल पुरतं. तिथल्या माणसाला थंडीची भीती घालून महागडी बाटली विकू नका.

पण मे अखेरीस नागपूरहून लेहला निघालेली गाडी बघा. सुरुवातीला ४५ अंशांचं ऊन आणि काही दिवसांत सुमारे ४,८९० मीटर उंचीवरचा बारालाचा ला, जिथं रात्री पारा शून्याखाली जातो. अशा गाडीला गरमीत फार पातळ होणार नाही आणि थंडीत फार घट्ट होणार नाही असं ऑइल हवं. म्हणजे मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं, पण सिंथेटिक असलेलं. माहितीपत्रकात दोन आकडे बघा: व्हिस्कॉसिटी इंडेक्स जितका जास्त तितकं बरं, पोअर पॉइंट जितका खाली तितकं बरं. पोअर पॉइंट म्हणजे ज्याच्याखाली ऑइल वाहणंच थांबतं ते तापमान. पंपाला त्रास त्याच्या बराच आधी सुरू होतो, म्हणून मधे चांगलं अंतर ठेवा.

आणखी एक. काळं पडलेल्या जुन्या ऑइलवर नवीन ओतून उपयोग नाही. जुनं काढा, नवीन भरा, पुढची चाकं उचलून इंजिन चालू ठेवा आणि स्टिअरिंग दोन्हीकडे सावकाश फिरवून हवा बाहेर काढा. टोकाला नेऊन धरून ठेवू नका.

आता धंद्याचं बोलू

बाटली कुणीही विकतो, तुम्ही सेवा विका. नोव्हेंबरपासून "थंडीच्या प्रवासाची तपासणी" असं पॅकेज लावा: स्टिअरिंग ऑइल, होस, बेल्ट, कूलंट, बॅटरी, वायपर. काम झालं की कार्डावर ऑइलचा ग्रेड, तारीख आणि किलोमीटर लिहून द्या. वाटेत थोडं ऑइल कमी झालं, तर अनोळखी गॅरेजमध्ये चालक ते कार्ड दाखवेल आणि भलतंच काही ओतलं जाणार नाही.

चालकाला एक सूचनाही द्या: थंड सकाळी गाडी सुरू केल्यावर दोन मिनिटं थांबा, स्टिअरिंग हळू फिरवा, लगेच टोकापर्यंत वळवू नका.

टूर्सवाल्यांनी हिशोब असा मांडावा. समजा योग्य ऑइल बदलायला हजार-दीड हजार जास्त गेले. आणि समजा पंप घाटात गेला: टोइंग, दुसरी गाडी, बारा जणांचा एका रात्रीचा मुक्काम, वर परतावा. दोन्ही आकडे तुमच्या भागातल्या दराने वहीत लिहा. कुठला खर्च परवडतो ते वहीच सांगेल.

आजचं काम: तुमच्या किंवा ओळखीतल्या तीन गाड्यांचं बॉनेट उघडा, टोपीवरचा ग्रेड वाचा आणि लिहून ठेवा. गिऱ्हाइकाला सल्ला देण्याची तयारी तिथूनच सुरू होते.