पायाचे ऑपरेशन झाले. शेतात पुन्हा केव्हा उतरायचे?



उसाच्या तोडणीचा कार्यक्रम कसा लागतो, हे आपणांस सांगायला नको. आधी नोंदीतली लागवडीची तारीख पाहतात आणि मग ब्रिक्स घेऊन ऊस पक्व झाला की नाही ते तपासतात. तारीख भरली पण साखर भरली नाही, तर थांबावे लागते. पायाच्या ऑपरेशननंतर पुन्हा चालणे, व्यायाम करणे आणि कामाला लागणे याचा हिशेब अगदी असाच आहे. तारीखही भरावी लागते आणि पायाची परीक्षाही पास व्हावी लागते. दोहोंपैकी एकावर काम भागत नाही.

प्रत्यक्षात दिसते ते वेगळेच. एक जण टाके निघाले की दुसऱ्या दिवशी पाण्याच्या पाळीला जातो. दुसरा सहा महिने लोटले तरी भीतीपोटी पाय टेकत नाही. पहिल्याचे ऑपरेशन वाया जाण्याची भीती, तर दुसऱ्याचा घोटा कायमचा आखडण्याची. म्हणून या लेखात पावलाच्या आणि घोट्याच्या ऑपरेशननंतर काय, केव्हा आणि का करावे, ते समजावून घेऊ.

ऑपरेशन काय करते आणि काय करत नाही

माणसाच्या एका पावलात २६ हाडे आणि ३३ सांधे असतात. मोटारसायकलवरून पडून किंवा ट्रॉलीखाली सापडून हाड मोडले, तर डॉक्टर प्लेट आणि स्क्रू बसवतात. कोयत्याने टाचेमागची जाड शीर तुटली, तर ती शिवतात. पण प्लेट हाड जोडत नाही. ती हाडाला जागेवर धरून ठेवते. जोडण्याचे काम शरीर स्वतः करते आणि ते आपल्या वेळेनेच करते.

कातडी साधारण दोन आठवड्यांत सांधते. हाडाला पहिली मजबुती यायला सहा ते बारा आठवडे लागतात. शिवलेल्या शिरेला भरवसा टाकण्याजोगी ताकद यायला तीन महिने तरी हवेत, पूर्ण ताकदीला वर्षही लागते. म्हणजे वरून जखम वाळलेली दिसली तरी आतले काम निम्मेही झालेले नसते. हाड जुळण्याआधी रोज भार पडत राहिला, तर तार पुन्हा पुन्हा वाकवल्यावर तुटते तशी लोखंडाची प्लेटसुद्धा तुटते. मग दुसरे ऑपरेशन, दुसरा खर्च आणि आणखी एक हंगाम हातचा गेला.

पहिले दोन आठवडे

या दिवसांत एकच मोठे काम : सूज उतरवणे. बाजेवर आडवे पडून पाय उशांवर असा ठेवावा की पाऊल छातीपेक्षा उंच राहील. ओट्यावर बसून पाय लोंबकळत ठेवून गप्पा मारीत बसू नये. त्याने पाऊल जांभळे पडते, सुजते आणि टाक्यांवर ताण येतो. प्लॅस्टरबाहेर राहिलेली बोटे दर तासाला हलवावीत. गुडघा आणि मांडीही हलती ठेवावी. पडून राहिल्याने पोटरीत रक्ताची गाठ होऊ शकते, म्हणून ही हालचाल महत्त्वाची.

कुबड्या घेतल्या असतील तर भार हातांवर द्यावा, काखेवर नाही. कुबडीचे टोक काखेच्या दोन-तीन बोटे खाली राहिले पाहिजे. काखेत भार घेतल्याने तिथल्या शिरा दबून हाताला मुंग्या येतात.

वजन किती टाकायचे?

डॉक्टर सांगतात, 'पाय टेकवू नका', 'नुसता टेकवा', 'निम्मे वजन द्या' किंवा 'पूर्ण वजन द्या'. यातले आपल्याला काय सांगितले, ते कागदावर लिहून घ्यावे. 'निम्मे वजन' म्हणजे किती, हे अंदाजाने कळत नाही. त्याला सोपी युक्ती आहे. घरातला वजनकाटा जमिनीवर ठेवावा, त्याच उंचीची फळी किंवा वीट शेजारी ठेवून चांगला पाय तिच्यावर घ्यावा, कुबड्यांचा आधार घ्यावा आणि ऑपरेशनचा पाय काट्यावर हळूहळू दाबावा. माणूस ६० किलोचा असेल तर काटा ३० वर येईल तेवढाच दाब. चार-पाच वेळा केले की पायाला तो दाब ओळखता येतो.

पुढे कुबड्या सुटून काठी आली की ती कोणत्या हातात धरायची? पुष्कळ लोक दुखऱ्या पायाच्याच बाजूला धरतात. ते चूक आहे. उजव्या पायाचे ऑपरेशन असेल तर काठी डाव्या हातात. दुखरा पाय आणि काठी एकदम पुढे जातात, तेव्हा भार दोघांत वाटला जातो.

वज्रेश्वरीच्या कुंडांचे काय?

भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या परिसरात अकलोली आणि गणेशपुरीला गरम पाण्याची कुंडे आहेत. वज्रेश्वरी देवीच्या दर्शनाला जाणारी मंडळी तिथे आवर्जून स्नान करतात. सांधेदुखीला आराम पडतो असा अनुभवही सांगतात. साहजिकच ऑपरेशन झालेल्याला घरचे म्हणतात, 'चला, चार दिवस कुंडात पाय शेकून आणू.'

यात तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, ताज्या ऑपरेशनला ऊब दिली की सूज वाढते. दुसरी, जखमेतून थोडाही स्राव येत असेल किंवा खपली निघायची असेल, तर दहा जणांनी स्नान केलेले पाणी जंतू आत नेते. तिसरी, मधुमेहाने ज्याच्या पावलांची जाणीव कमी झाली आहे, त्याला पाणी किती कढत आहे हे कळतच नाही. भाजले तरी पत्ता लागत नाही. अशा सभासदाने कुंडातच काय, घरच्या बादलीतही हाताच्या कोपराने पाणी पाहिल्याशिवाय पाय घालू नये.

पण जखम पूर्ण भरली, डॉक्टरांनी पाय भिजवायला परवानगी दिली आणि पावलाला जाणीव आहे, तर कोमट पाणी उपयोगी पडते. व्यायामापूर्वी दहा मिनिटे पाय शेकला की आखडलेला सांधा मोकळा होतो. कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले की पायांवरचे वजन सुमारे निम्मे होते, म्हणून पाण्यातून चालणे हा चांगला व्यायाम आहे. मात्र तळ निसरडा नसावा आणि सोबत माणूस असावा. थोडक्यात, गरम पाणी हा व्यायामाचा जोडीदार आहे. हाड जोडायचे औषध नव्हे.

व्यायाम कोणते?

प्लॅस्टर किंवा बूट निघाल्यावर, डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट यांच्या सांगण्यावरून, हे क्रमाने करावे :

१. बसल्या बसल्या पायाच्या अंगठ्याने हवेत अ, आ, इ, ई अशी मुळाक्षरे गिरवावीत. घोटा चारी दिशांनी फिरतो.

२. जमिनीवर पंचा पसरून तो पायाच्या बोटांनी गोळा करावा. तळव्याचे स्नायू जागे होतात.

३. भिंतीला हात टेकून, टाच जमिनीवरच ठेवून पुढे झुकावे. पोटरी ताणली जाते.

४. दाराची चौकट धरून दोन्ही चवड्यांवर उभे राहावे, मग सावकाश टाचा टेकवाव्यात. जमू लागले की एकाच पायावर.

५. चौकटीजवळच एका पायावर तोल सांभाळावा. ऑपरेशननंतर तोलाची जाणीव मंदावते आणि पाय पुन्हा मुरगळतो तो यामुळेच.

टाचेची शीर शिवली असेल तर तिसरा आणि चौथा व्यायाम परवानगीशिवाय मुळीच करू नये. घाईने ताणलेली शीर लांबते आणि पायातला जोर कायमचा कमी होतो.

व्यायाम जास्त झाला की कमी, हे ओळखायचे कसे? दुसऱ्या दिवसाची सकाळ ते सांगते. व्यायाम करताना थोडे दुखणे चालते. पण रात्रीत ते शमले पाहिजे. सकाळी सूज किंवा ठणका आदल्या सकाळपेक्षा वाढला असेल, तर एक पायरी मागे यावे आणि दोन दिवसांनी पुन्हा पुढे जावे. संध्याकाळी थोडी सूज येणे मात्र सहा महिने, कधी वर्षभरही राहते. तिला घाबरून व्यायाम सोडू नये.

चढताना चांगला, उतरताना दुखरा

वज्रेश्वरीचे मंदिर टेकडीवर आहे. १७३९ साली वसई जिंकल्यावर चिमाजी अप्पांचा नवस फेडण्यासाठी ते बांधले, असे सांगतात. वर जायला दगडी बावन्न पायऱ्या आहेत. ऑपरेशन झालेला माणूस म्हणतो, 'बरा झालो की देवीला जाईन.' जावे, अवश्य जावे. पण पायऱ्यांचा नियम शिकून जावे : चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. म्हणजे शरीर उचलण्याचे आणि सावरण्याचे कष्ट दर वेळी चांगल्या पायावर पडतात. पुष्कळांना चढण्यापेक्षा उतरणे अवघड जाते, कारण उतरताना घोटा जास्त वाकावा लागतो. म्हणून आधी घरच्या दोन पायऱ्या, मग दहा, मग बावन्न.

शेतात उतरण्यापूर्वीची परीक्षा

तारीख भरली, एक्स-रेमध्ये हाड जुळलेले दिसले, डॉक्टरांनी होकार दिला. आता पायाचा ब्रिक्स घ्यायचा. चारही गोष्टी जमल्या तर पास :

- सपाट रस्त्यावर अर्धा तास न लंगडता चालता येते.
- भिंतीसमोर उभे राहून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकतो. दोन्ही पायांच्या बोटांचे भिंतीपासूनचे अंतर जवळजवळ सारखे भरते.
- ऑपरेशनच्या एका पायाच्या चवड्यावर, चांगल्या पायाइतक्याच नाही तरी जवळपास तितक्या वेळा, उठता येते.
- आधार घेऊन उकिडवे बसता येते आणि उठता येते.

पास झाल्यावरही कामाचा क्रम पाळावा. आधी सपाट रस्ता, मग बांध, मग सरी-वरंबा. उसाच्या खोडक्या आणि पाचट यांतून चालताना घोट्यापर्यंतचे बूट घालावेत. चिखल त्याच्याही नंतर. भिवंडीकडच्या भातखाचरात लावणी करणाऱ्यालाही हेच लागू, कारण चिखल पाय धरून ठेवतो आणि ओढताना घोटा पिळला जातो. पावसाळ्यात पायावर उघडी जखम असेल तर साचलेल्या पाण्यात जाऊच नये. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू अशाच वाटेने शिरतात.

ओझे सर्वांत शेवटी. ६० किलोच्या माणसाने युरियाचे ४५ किलोचे पोते उचलले की पायाला १०५ किलो पेलायचे असतात. पळताना तर पावलावर शरीराच्या दुप्पट-तिप्पट भार येतो. म्हणून पळणे आणि ट्रॉलीवरून उडी मारणे चार-सहा महिन्यांच्या आत नको, शिरेच्या ऑपरेशनला त्याहून उशिरा.

ट्रॅक्टरवाल्यांना वेगळी सूचना. क्लच डाव्या पायाचा, ब्रेक उजव्या पायाचा. उजव्या घोट्याचे हाड बसवल्यानंतर ब्रेक दाबण्याचा वेग पूर्ववत व्हायला सुमारे नऊ आठवडे लागतात, असे एका पाहणीत दिसले आहे. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या मागे असताना अर्धा सेकंद उशीर म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशी खेळ.

तंबाखू आणि साखर

तंबाखू, विडी, मिश्री यांतले निकोटिन रक्तवाहिन्या आकसवते. हाड जुळायला आणि जखम भरायला उशीर होतो. निदान तीन महिने तरी सोडावी. मधुमेह असणाऱ्यांनी रक्तातली साखर ताब्यात ठेवावी आणि रोज रात्री आरसा धरून तळवा पाहावा. पाऊल लाल, गरम आणि सुजलेले आहे पण दुखत नाही, असे झाले तर बरे समजू नये. आत हाडे ढासळत असू शकतात. चालणे बंद करून लगेच डॉक्टरांकडे जावे.

पाऊलच गेले असेल तर

काही सभासदांचे पाऊल अपघाताने किंवा गँगरीनने कापावे लागते. त्यांनी आशा सोडू नये. डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस जयपूर फूट तयार केला, तो उकिडवे बसता यावे, मांडी घालता यावी, अनवाणी आणि ओल्या रानातून चालता यावे, असा. डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच १९८१ साली अपघातात पाय गमावलेल्या मुंबईच्या सुधा चंद्रन याच पायावर सराव करून १९८४ साली पुन्हा रंगमंचावर नाचल्या. मधली वर्षे सरावाची होती, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. मुंबईला हाजीअलीजवळ १९५५ सालापासून केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. कृत्रिम अवयव आणि ते वापरण्याचे शिक्षण दोन्ही तिथे मिळते.

थांबू नका अशी लक्षणे

पोटरी सुजून दुखणे, एकाएकी दम लागणे, छातीत कळ, ताप, जखमेतून पू, प्लॅस्टरमध्ये बोटे थंड, निळी किंवा बधिर होणे, किंवा 'कट्' आवाज होऊन पायातला जोर जाणे. यांपैकी काहीही झाले तर रात्र काढू नये, त्याच घटकेला दवाखाना गाठावा.

आडसाली उसाला सोळा-अठरा महिने देताना आपण कुरकुर करीत नाही, कारण शेवटी वजन भरते हे ठाऊक असते. पायाला तीन-सहा महिने द्यायला मन का कचरावे? त्या काळात शेताचे काम भावकीने, शेजाऱ्याने सावरून घ्यावे. आज त्याची पाळी, उद्या आपली. आणि घरच्यांनी आजाऱ्याला नुसते 'बसून राहा' म्हणू नये. रोज सकाळ-संध्याकाळ त्याच्याकडून व्यायाम करून घ्यावा, हीच खरी शुश्रूषा.