वेळेचा पक्का संगणक

घरच्या घरी गाणे ध्वनिमुद्रित करून त्याचे संयोजन आणि मिश्रण करण्यासाठी जो संगणक जोडायचा, त्याचा कस त्याच्या सरासरी वेगावर लागत नाही. छायाचित्रांवर काम करणारा किंवा हिशेबाचे तक्ते सांभाळणारा संगणक मध्येच क्षणभर अडखळला, तरी पूर्ण झालेल्या कामात त्याची खूण राहत नाही. ध्वनीच्या बाबतीत मात्र पुढचा तुकडा ठरलेल्या क्षणी तयार नसेल, तर त्या जागी पोकळी पडते किंवा ‘टक्’ असा आवाज उमटतो, आणि छान जमून आलेला आलाप वाया जातो. म्हणून अशा संगणकाची आखणी करताना प्रोसेसरपासून पंख्यापर्यंत प्रत्येक भागाकडे दोन निकषांवर पाहावे लागते: तो वेळ पाळतो का, आणि तो गप्प राहतो का. दुकानातले तयार संगणक बहुधा खेळ खेळणाऱ्या किंवा कार्यालयीन काम करणाऱ्या ग्राहकाला समोर ठेवून बांधलेले असतात, त्यामुळे हे दोन निकष सांभाळायचे असतील तर भाग स्वतः निवडून जुळणी करणे अधिक सोयीचे ठरते.

संगणकावर हा भार पूर्वी नव्हता. १९८३ मध्ये निरनिराळ्या कंपन्यांची इलेक्ट्रॉनिक वाद्ये एकमेकांना जोडता यावीत यासाठी मिडी ही संकेतप्रणाली प्रचारात आली, पण तिच्यातून ध्वनी वाहत नाही. कोणती पट्टी दाबली, किती जोराने दाबली आणि केव्हा सोडली, एवढाच निरोप ती पोचवते. १९८५ मध्ये आलेल्या अटारी एसटी या संगणकाला मिडीच्या जोडण्या मुळातच होत्या आणि म्हणून संगीतकारांनी तो उचलून धरला, तरी प्रत्यक्ष नाद बाहेरच्या वाद्यांतूनच निघत असे. जर्मनीतील स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ मध्ये व्हीएसटी हे तंत्र आणले आणि घुमारा, प्रतिध्वनी, स्वरपट्टांचे संतुलन असे ध्वनिसंस्कार ‘प्लगइन’ या छोट्या जोड-कार्यक्रमांच्या रूपाने संगणकातच होऊ लागले. १९९९ मधल्या दुसऱ्या आवृत्तीने वाद्यांनाही त्याच मार्गाने आत आणले. मधल्या काळात, १९९७ मध्ये, याच कंपनीने एएसआयओ हा ड्रायव्हरचा नमुना तयार केला. ड्रायव्हर म्हणजे यंत्र आणि कार्यप्रणाली यांच्यातला दुवा असलेला कार्यक्रम. विंडोजमधील ध्वनी एकत्र करणारे नेहमीचे थर टाळून हा नवा ड्रायव्हर थेट यंत्राशी व्यवहार करतो, त्यामुळे विलंब कमी होतो. एकेकाळी खोलीभर यंत्रे जे करीत, ते सगळे आता एका प्रोसेसरला वेळेत उरकावे लागते, आणि नियोजनातील बहुतेक प्रश्न इथूनच निघतात.

ही वेळ नेमकी किती असते, हे एका स्वराच्या प्रवासावरून कळते. गायिकेने लावलेला ‘सा’ मायक्रोफोनमधून ऑडिओ इंटरफेसमध्ये, म्हणजे विद्युतलहरीचे आकड्यांत आणि आकड्यांचे पुन्हा लहरीत रूपांतर करणाऱ्या पेटीत, जातो आणि तिथे त्याचे दर सेकंदाला ४८,००० नमुने घेतले जातात. हे नमुने प्रोसेसरकडे एकेक करून न जाता ६४, १२८, २५६ अशा गठ्ठ्यांनी जातात, आणि गठ्ठा साठवण्याच्या जागेला बफर म्हणतात. १२८ नमुन्यांचा बफर २.६७ मिलिसेकंदांत भरतो. पुढचा गठ्ठा येण्याच्या आत प्रोसेसरने सर्व ट्रॅकवरील सर्व प्लगइनांचे गणित संपवलेच पाहिजे. बफर १,०२४ केला तर हीच सवलत सुमारे २१ मिलिसेकंदांची होते, पण तेवढाच विलंबही वाढतो. आत येण्याचा एक आणि बाहेर जाण्याचा एक असे दोन बफर, रूपांतराला लागणारा वेळ आणि यूएसबीवरचा राखीव अवधी धरला, की गायिकेच्या कानातील हेडफोनपर्यंत तिचाच आवाज उशिरा पोचतो. हवेत ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर अंतर कापतो, म्हणजे दहा मिलिसेकंदांचा विलंब हा साडेतीन मीटरांवरून ऐकण्यासारखा असतो; तबलजीला तो ठेक्यात जाणवू लागतो, आणि गाणाऱ्याला स्वतःचा आवाज कवटीच्या हाडांतून आधीच ऐकू येत असल्यामुळे उशिरा आलेला आवाज त्यात मिसळून पोकळ वाटतो.

यावर इंटरफेसमध्येच एक तोड असते: मायक्रोफोनचा आवाज संगणकात जाण्याआधीच परस्पर हेडफोनकडे वळवण्याची, अर्थात थेट श्रवणाची, सोय. ज्याला गळा, पेटी आणि तबला मुद्रित करून नंतर शांतपणे मिश्रण करायचे आहे, त्याला ही सोय पुरते; तो मोठा बफर ठेवू शकतो आणि मध्यम प्रोसेसरवर त्याचे उत्तम भागते. ज्याला मात्र कीबोर्डवर बोट ठेवताच संगणकातील सतार किंवा व्हायोलिनांचा ताफा वाजायला हवा असतो, त्याच्यासाठी थेट श्रवणाचा उपयोग नाही, कारण नादच संगणकात जन्माला येतो. त्याला लहान बफर आणि तो पेलणारा प्रोसेसर लागतो. किमतींची तुलना सुरू करण्यापूर्वी आपण या दोहोंपैकी कोण आहोत हे ठरवले, तर बरेच पैसे वाचतात.

त्यानंतर सॉफ्टवेअरचा निर्णय येतो, आणि तो यंत्राच्या आधीच घ्यावा. ॲपलने २००२ मध्ये इमॅजिक ही कंपनी विकत घेऊन तिच्या लॉजिक या ध्वनिमुद्रण-कार्यक्रमाची विंडोज आवृत्ती बंद केली, त्यामुळे ज्याचे मन लॉजिकवर बसले आहे त्याने स्वतः जुळणी करण्याच्या फंदात पडू नये. मॅक मिनीसारखा शांत, तयार संगणक त्याच्या कामाचा आहे. क्यूबेस, एबलटन लाइव्ह, एफएल स्टुडिओ आणि रीपर विंडोजवर उत्तम चालतात. त्यांतील रीपर साठ दिवस संपूर्ण स्वरूपात वापरून पाहता येतो आणि त्याचा वैयक्तिक परवानाही स्वस्त आहे, म्हणून नवशिक्याने तिथून सुरुवात करणे शहाणपणाचे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने नवी जुळणी विंडोज ११ धरूनच करावी. लिनक्सचा पर्यायही आता भक्कम आहे, कारण वेळेची हमी देणारी सुधारणा, जी वर्षानुवर्षे वेगळी जोडावी लागत असे, ती २०२४ मधील ६.१२ या आवृत्तीत मूळ गाभ्यात समाविष्ट झाली. मात्र अनेक व्यावसायिक प्लगइन तिथे मिळत नाहीत.

प्रोसेसर निवडताना त्यातील गाभ्यांची, म्हणजे स्वतंत्रपणे गणित करणाऱ्या ‘कोअर’ची, संख्या पाहून हुरळून जाऊ नये. एका ट्रॅकवर आधी आवाजाची पातळी आवरणारे, मग स्वरपट्ट सावरणारे आणि शेवटी घुमारा देणारे प्लगइन असेल, तर प्रत्येकाला आधीच्याचे उत्तर हाती आल्याशिवाय काम सुरू करता येत नाही, त्यामुळे ही साखळी एकाच गाभ्यावर चालते. वेगवेगळे ट्रॅक वेगवेगळ्या गाभ्यांत वाटले जातात, पण सगळे ट्रॅक जिथे एकत्र येतात त्या मुख्य वाटेवर पुन्हा एकच साखळी उरते. म्हणून प्रत्येक गाभ्याचा स्वतंत्र वेग जास्त असलेला सहा किंवा आठ गाभ्यांचा प्रोसेसर पहिल्या जुळणीला पुष्कळ होतो. इंटेलने २०२१ पासून घरगुती प्रोसेसरांत जोमदार आणि काटकसरी असे दोन प्रकारचे गाभे एकत्र आणले आहेत. तिथे केवळ एकूण संख्या न मोजता जोमदार गाभे किती, हे पाहावे. खेळ खेळायचे नसतील तर वेगळ्या ग्राफिक्स कार्डाची गरज नाही, आणि ते नसल्याने पैसे, उष्णता आणि पंख्याचा आवाज तिन्ही वाचतात. मात्र प्रोसेसरमध्ये चित्र दाखवण्याची सोय असल्याची खात्री करावी, कारण इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नावाशेवटी ‘एफ’ हे अक्षर असते त्यांत ती नसते.

रॅमची निकड वाद्यसंचांमुळे निर्माण होते. ज्यात खऱ्या वाद्याचा प्रत्येक स्वर अनेक जोरांनी वाजवून मुद्रित केलेला असतो अशा संचातील सगळेच रॅममध्ये मावत नाही, म्हणून प्रत्येक स्वराचा केवळ आरंभ रॅममध्ये ठेवला जातो आणि तो वाजत असताना उरलेला भाग डिस्कवरून ओढला जातो. गळा आणि साथीची वाद्ये एवढेच काम असेल तर १६ जीबी पुरते, वाद्यसंच वापरणाऱ्याने ३२ जीबी धरावी, आणि पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा पसारा मांडायचा असेल तर ६४ जीबी. रॅमच्या दोन पट्ट्या एकदम घ्याव्यात. डीडीआर५ मध्ये चार पट्ट्या बसवल्या की वेग बहुधा उतरतो, त्यामुळे ‘पुढे आणखी दोन टाकू’ हा बेत फारसा लाभाचा नसतो. डिस्कच्या बाबतीत एक गैरसमज दूर करायला हवा. २४ बिटचा एक ट्रॅक सेकंदाला जेमतेम १४४ किलोबाइट मागतो, म्हणजे चाळीस ट्रॅक एकदम वाजले तरी सहा मेगाबाइटांच्या आतच काम होते, आणि एवढे तर जुनी फिरती हार्ड डिस्कही देते. तिची अडचण वाद्यसंचांत होते: मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेरीस ८.३ मिलिसेकंद लागतात, आणि इकडचा एक, तिकडचा एक असे शेकडो तुकडे मागितले की ती मागे पडते. एसएसडीमध्ये हलणारा भागच नसल्याने हा प्रश्न उरत नाही आणि आवाजही होत नाही. कार्यप्रणालीसाठी एक आणि वाद्यसंच व ध्वनिमुद्रणांसाठी दुसरी मोठी, अशा दोन एसएसडी हा चांगला आराखडा आहे. त्यातही सर्वांत महाग, सर्वांत वेगवान एसएसडी या कामात जाणवण्याजोगा फरक पाडत नाही.

खरे लक्ष जिथे द्यायला हवे आणि जिथे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, तो विषय शांततेचा आहे. व्यावसायिक स्टुडिओत संगणक काचेपलीकडे असतो. पुण्या-मुंबईतल्या सदनिकेत तो मायक्रोफोनपासून दोन हातांवर असतो. तानपुऱ्याचा विरत जाणारा नाद, भावगीतातल्या दोन शब्दांमधला श्वास, तबल्याच्या बायाची आस या सगळ्यांच्या तळाशी पंख्याची घरघर मुद्रित होते, आणि मिश्रणात कंप्रेसर, म्हणजे मोठा आवाज दाबून एकूण पातळी उचलणारे साधन, लावले की तीही वर येते. कोरसासाठी एकाच गळ्याचे आठ ट्रॅक एकावर एक चढवले, तर खोलीचा हा आवाज सुमारे नऊ डेसिबलांनी वाढतो. त्यात आपल्याकडची हवा आणखी भर घालते: ध्वनिमुद्रण सुरू झाले की छताचा पंखा आणि एसी बंद करावे लागतात, नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात खोली बघता बघता तापते, आणि नेमक्या त्याच वेळी संगणकाचे पंखे जोर धरतात. म्हणून प्रोसेसर ६५ वॅटच्या वर्गातला घ्यावा आणि त्यावरचा कूलर मात्र त्याच्या गरजेपेक्षा बराच मोठा, उंच मनोऱ्याच्या आकाराचा बसवावा. कॅबिनेटमध्ये १४० मिलिमीटरचे पंखे लावावेत, कारण मोठे पाते तेवढीच हवा कमी फेऱ्यांत हलवते. मदरबोर्डाच्या बायोसमध्ये, म्हणजे यंत्र चालू होताच जागी होणाऱ्या मूळ मांडणीत, पंख्याचा वेग तापमानानुसार ठरवता येतो. तिथे दर चार अंशांना वरखाली होणारी रेषा न ठेवता मधल्या पट्ट्यात वेग स्थिर ठेवावा, कारण एकसारखी सळसळ कानाला लवकर विसरता येते, चढउतार विसरता येत नाही. कार्डिऑइड मायक्रोफोन पाठीमागून सर्वांत कमी ऐकतो, म्हणून संगणक त्याच्या पाठीमागच्या बाजूला येईल अशी मांडणी केल्यास काही खर्च न होता बराच फरक पडतो.

विजेचा भाग तितकाच महत्त्वाचा. आपल्या २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या पुरवठ्यात अर्थिंग सदोष असेल, किंवा संगणक आणि स्पीकर वेगवेगळ्या बोर्डांवर जोडलेले असतील, तर ५० आणि १०० हर्ट्झची गुणगुण ध्वनीत शिरते. त्यावर अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा जो उपाय सर्रास सुचवला जातो, तो जिवावर बेतणारा आहे. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे, सर्व यंत्रे एकाच बोर्डावरून चालवावीत आणि स्पीकरला बॅलन्स्ड केबल वापराव्यात, ज्यांत एकच लहर दोन तारांतून उलटसुलट जाते आणि वाटेत दोन्हींवर सारखाच बसलेला उपद्रव शेवटी वजा होतो. वीजपुरवठा देणारा एसएमपीएस नावाजलेल्या कंपनीचा आणि ८० प्लस गोल्ड दर्जाचा घ्यावा. ५५० वॅट पुष्कळ होतात, आणि कमी भार असताना अशा काही एसएमपीएसचा पंखा फिरतही नाही. यूपीएस घेताना तो शुद्ध साइन लहर देतो का हे विचारावे, कारण स्वस्त यूपीएसच्या पायरीदार लहरीवर काही आधुनिक एसएमपीएस वीज जाताच बंद पडतात.

खरेदीसाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, आजही उपयोगी आहे. तिथे कॅबिनेट हाताळून पाहता येते आणि पंख्याचा आवाज प्रत्यक्ष ऐकता येतो. ऑनलाइन असो वा दुकानातून, अनुक्रमांक लिहिलेले जीएसटीचे बिल घ्यावे, कारण हमीचा दावा त्यावरच उभा राहतो. ग्राफिक्स कार्डाचे वाचलेले पैसे इंटरफेस, हेडफोन आणि खोलीच्या भिंतींसाठी जाड गाद्या किंवा पडदे यांवर घालावेत. गाण्याच्या दर्जात त्यांचा वाटा प्रोसेसरपेक्षा मोठा आहे.

जुळणी झाल्यावर बायोसमध्ये रॅमचा जाहीर वेग चालू करावा लागतो, आपोआप तो लागू होत नाही. मग रात्रभर मेमटेस्ट चालवून पट्ट्या तपासाव्यात. त्यानंतर लेटन्सीमॉन हा मोफत कार्यक्रम अर्धा तास चालू ठेवावा. एखादा ड्रायव्हर प्रोसेसरला मध्येच अडवून किती वेळ धरून ठेवतो, हे तो दाखवतो. दोषी बहुधा वायफायचा किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर निघतो, आणि तो अद्ययावत करून किंवा ध्वनिमुद्रणापुरते वायफाय बंद ठेवून काम भागते. शेवटची कसोटी खऱ्या कामाचीच घ्यावी: बफर १२८ वर ठेवून, नेहमी वापरायचे प्लगइन वीसेक ट्रॅकांवर लावून, तासभर ध्वनिमुद्रण चालू ठेवावे आणि एकही ‘टक्’ उमटला नाही, तर त्या स्थितीतील संपूर्ण सिस्टिम डिस्कची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवावी. हाती घेतलेले गाणे पूर्ण होईपर्यंत विंडोज, ड्रायव्हर किंवा प्लगइन यांपैकी काहीही अद्ययावत करू नये, आणि केलेच, तर ही प्रत हाताशी ठेवून करावे.